दूरध्वनी कोणी उचलावयाचा?
कार्यालयातील इंटरनेट दूरध्वनी व्यवस्थेचा परिचय

तालुक्याच्या ठिकाणापासून वीस-पंचवीस किलोमीटर अंतरावरील गावातील शेतकरी पंचायत समितीच्या कार्यालयाला दूरध्वनी करतो, तेव्हा त्याला बहुधा फार थोडे विचारावयाचे असते. आपले प्रकरण कोठवर आले, उद्या आलो तर संबंधित कर्मचारी भेटतील काय, सोबत कोणती कागदपत्रे आणावीत, एवढेच त्याचे प्रश्न असतात. उत्तर दोन मिनिटांचे असते. ते मिळाले तर त्याचा एक दिवस, त्या दिवसाची मजुरी आणि एस. टी. चे भाडे वाचते. घंटा वाजत राहिली आणि दूरध्वनी कोणीच उचलला नाही, तर तो कार्यालयाच्या दारातून परत गेल्यासारखाच होतो. फरक इतकाच की, असा परत गेलेला माणूस कोणाच्या नजरेस पडत नाही आणि त्याची नोंदही कोठे होत नाही.

कार्यालयातील दूरध्वनी व्यवस्थेचा विचार बहुतेक वेळा यंत्राच्या किमतीपासून सुरू होतो आणि तेथेच संपतो. किती जोडण्या, किती उपकरणे, वार्षिक देखभालीचा खर्च किती, असे प्रश्न विचारले जातात. इंटरनेटच्या जाळ्यावरून बोलण्याचे तंत्र आता अनेक कार्यालयांत आले असून येत्या काळात ते अधिकाधिक कार्यालयांत येणार आहे. त्यामुळे या विचाराची दिशा बदलणे अगत्याचे झाले आहे. जुन्या व्यवस्थेत सोयी यंत्राबरोबर मिळत. यंत्रात जी सोय नाही ती कार्यालयाला नाही. नव्या व्यवस्थेत प्रत्येक सोय म्हणजे संगणकात लिहिलेला एक नियम असतो. तो नियम काय असावा हे पुरवठादाराने नव्हे, तर कार्यालयाने ठरवावयाचे असते. हे काम तंत्रज्ञांवर सोपवून मोकळे झालेल्या कार्यालयात नवी यंत्रे येतात, परंतु घंटा पूर्वीप्रमाणेच वाजत राहते.

जोडणारा हात

दूरध्वनीचा शोध १८७६ सालचा. भारतात १८८२ साली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे विनिमय केंद्रे सुरू झाली. त्या काळी बोलणाऱ्याला ऐकणाऱ्याशी जोडून देण्याचे काम केंद्रातील ऑपरेटर हाताने करीत असे. कोणाचा दूरध्वनी कोणाकडे जावयाचा हे त्या हातावर अवलंबून होते.

या हाताचे महत्त्व सांगणारी एक कथा दूरध्वनीच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे अल्मन स्ट्रोजर नावाचे गृहस्थ अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा व्यवसाय करीत. आपल्याकडे येणारे दूरध्वनी केंद्रातील ऑपरेटर प्रतिस्पर्धी व्यावसायिकाकडे वळविते, असा त्यांचा संशय होता, असे सांगितले जाते. कथेतील तपशील कसेही असोत, स्ट्रोजर यांनी मानवी हाताशिवाय जोडणी करणारे यंत्र तयार केले आणि १८९१ मध्ये त्याचे पेटंट मिळविले. पुढील वर्षी इंडियाना राज्यातील ला पोर्ट येथे त्या पद्धतीचे स्वयंचलित विनिमय केंद्र सुरू झाले. जो जोडतो तो कोणाचे काम आधी होणार हे ठरवितो, हा या कथेचा बोध. शंभरावर वर्षे लोटली तरी तो जुना झालेला नाही.

भारतात या क्षेत्रातील मोठे पाऊल ऑगस्ट १९८४ मध्ये सी-डॉट या संस्थेच्या स्थापनेने पडले. तेथील अभियंत्यांनी भारतीय खेड्यांच्या परिस्थितीला मानवेल, वातानुकूलनाविना चालेल, असे छोटे विनिमय केंद्र विकसित केले. १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे असे पहिले ग्रामीण स्वयंचलित केंद्र कार्यान्वित झाले. कार्यालयांतही याच सुमारास इलेक्ट्रॉनिक पेट्या येऊ लागल्या. ईपीएबीएक्स या नावाने त्या सर्वांच्या परिचयाच्या आहेत. बाहेरून येणाऱ्या दोन-चार जोडण्या आणि आत पंचवीस-तीस एक्स्टेंशन, अशी त्यांची रचना असते. या पेट्यांनी दीर्घकाळ उत्तम सेवा दिली. मात्र त्यांना मर्यादा आहेत. एक्स्टेंशनचा क्रमांक भिंतीतील तारेशी बांधलेला असतो. कर्मचाऱ्याचे टेबल दुसऱ्या खोलीत हलले की, तार ओढणारा माणूस बोलवावा लागतो. एका पेटीतील एक्स्टेंशन दुसऱ्या गावातील उपकार्यालयाला सहजासहजी देता येत नाही. किती दूरध्वनी आले, किती उचलले गेले, किती अनुत्तरित राहिले, याची नोंदही अनेक पेट्यांत उपलब्ध होत नाही.

आवाजाचे तुकडे

इंटरनेट दूरध्वनीत आवाज तारेतून अखंड वाहत नाही. प्रथम त्याचे अंकांत रूपांतर होते. जी-७११ या प्रचलित पद्धतीत दर सेकंदाला आवाजाचे ८,००० नमुने घेतले जातात व प्रत्येक नमुना ८ बिटांत नोंदविला जातो. म्हणजे एका सेकंदाचे बोलणे ६४,००० बिटांत मावते. हे बिट एकदम पाठविले जात नाहीत. साधारणपणे २० मिलिसेकंदांच्या बोलण्याचा एक तुकडा करून त्यावर पत्ता घातला जातो आणि तो पॅकेटच्या रूपाने जाळ्यात सोडला जातो. अशी ५० पॅकेटे दर सेकंदाला जातात आणि पलीकडे ती ओळीने लावून पुन्हा आवाज तयार होतो.

या ठिकाणी टपालाचे उदाहरण उपयोगी पडते. पाकिटातील मजकूर कितीही थोडा असला, तरी पत्ता पूर्णच लिहावा लागतो. एका पॅकेटमध्ये आवाजाचे १६० बाइट असतात आणि पत्त्याचे ४०. त्यामुळे ६४ हजार बिटांचे बोलणे प्रत्यक्षात ८० हजार बिटांची जागा घेते. कार्यालयातील स्थानिक जाळ्याचा वाटा धरला, तर हा आकडा सुमारे ८७ हजारांवर जातो. जी-७२९ सारख्या संक्षेप पद्धतीत आवाज अवघ्या ८ हजार बिटांत बसविला जातो; परंतु पत्ता तेवढाच मोठा राहत असल्याने प्रत्यक्ष गरज २४ हजार बिटांची असते. एकाच वेळी दहा जण बोलत असले, तरी संक्षेपाविना एका दिशेला सेकंदाला सुमारे नऊ लाख बिट पुरतात. आजच्या जोडण्यांच्या मानाने ही गरज अल्प आहे.

मग आवाज तुटतो कशामुळे? त्याचे कारण वेगापेक्षा विलंबात असते. बोलणाऱ्याच्या तोंडून निघालेला शब्द ऐकणाऱ्याच्या कानी १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. विलंब त्याहून फार वाढला की, दोघेही एकाच वेळी बोलू लागतात व पुन्हा एकाच वेळी थांबतात. शिवाय पॅकेटे समान अंतराने पोहोचली पाहिजेत. त्याच जोडणीवरून कोणी मोठी चित्रफीत उतरवून घेत असेल, तर आवाजाची छोटी पॅकेटे तिच्या मागे अडकतात. यावर उपाय म्हणजे राउटर व स्विच यांत आवाजाच्या पॅकेटांना अग्रक्रम देणे आणि दूरध्वनींसाठी संगणकांपासून वेगळे आभासी जाळे राखणे. रस्त्यावर रुग्णवाहिकेला वाट दिली जाते, तशीच ही व्यवस्था होय. जोडणीचा वेग वाढविण्यावर खर्च करण्यापूर्वी हा बिनखर्ची उपाय योजलेला आहे की नाही, हे पाहणे हिताचे ठरते.

ओळख, घंटा आणि निरोप

आवाज पोहोचविणे हा कामाचा एक भाग झाला. कोणाला बोलवावयाचे, घंटा कोठे वाजवावयाची, संभाषण केव्हा संपले, हे ठरविण्यासाठी वेगळी भाषा लागते. सिप या नावाने ती ओळखली जाते. तिचे पहिले प्रमाणित रूप १९९९ मध्ये आणि आज वापरात असलेले सुधारित रूप २००२ मध्ये प्रसिद्ध झाले.

या भाषेचा व्यवहार साधा आहे. सकाळी उपकरण चालू झाले की ते कार्यालयातील सर्व्हरला आपली ओळख व पासवर्ड देते आणि "२०१ क्रमांक सध्या येथे आहे" असे कळविते. कोणी २०१ फिरविला की सर्व्हर त्या पत्त्यावर निमंत्रण पाठवितो. उपकरण "घंटा वाजत आहे" असे उत्तर देते. दूरध्वनी उचलला की स्वीकृती जाते, बोलणे सुरू होते आणि शेवटी निरोपाचा संदेश जाऊन जोडणी सुटते. यातील महत्त्वाचा मुद्दा असा की, क्रमांक भिंतीतील तारेला बांधलेला नसून ओळखीला बांधलेला असतो. कर्मचारी दुसऱ्या खोलीत गेला, तर तो आपले उपकरण उचलून तेथील जाळ्याला जोडतो व त्याचा क्रमांक त्याच्याबरोबर जातो. नियमांत तशी मुभा असेल, तर तोच क्रमांक संगणकावर किंवा मोबाइलवरही वाजू शकतो.

प्रत्यक्षात येणाऱ्या दोन तक्रारींचा उलगडा येथेच होतो. पहिली तक्रार एकतर्फी आवाजाची. घंटा वाजते, दूरध्वनी उचलला जातो, परंतु एकाचे दुसऱ्याला ऐकू जात नाही. निमंत्रणाचे संदेश एका वाटेने आणि आवाज दुसऱ्या वाटेने जात असतो. कार्यालयातील राउटरच्या आतील खासगी पत्ता चुकून बाहेर कळविला गेला, तर पलीकडचा आवाज त्या पत्त्यावर पोहोचू शकत नाही. दुसरी तक्रार बटणांची. "एक दाबा" अशी सूचना ऐकून नागरिक बटण दाबतो, पण व्यवस्थेला ते कळत नाही. संक्षेप पद्धतीत बटणाचा स्वर विकृत होत असल्याने तो आवाजाबरोबर न पाठविता स्वतंत्र संदेश म्हणून पाठवावा लागतो. दोन्ही दोष उपकरण न बदलता, केवळ मांडणी दुरुस्त करून दूर होतात. हे ठाऊक नसल्यास नवी उपकरणे घेण्याचा निष्कारण खर्च होण्याचा संभव असतो.

नियमांची वही

१९९९ च्या सुमारास अमेरिकेतील अलाबामा राज्यात मार्क स्पेन्सर या विद्यार्थ्याने संगणकविषयक साहाय्य देणारा लहानसा व्यवसाय काढला. ग्राहकांचे दूरध्वनी घेण्यासाठी कार्यालयीन यंत्रणा हवी होती. परंतु बाजारातील यंत्रणेची किंमत त्याच्या आवाक्याबाहेरची होती. तेव्हा साध्या संगणकावर चालणारी यंत्रणा त्याने स्वतःच लिहिली व तिचा मूळ आराखडा सर्वांसाठी खुला केला. ॲस्टरिस्क हे तिचे नाव. आज जगातील असंख्य लहानमोठ्या कार्यालयांतील दूरध्वनी व्यवस्था या किंवा अशाच खुल्या प्रणालींवर चालतात.

या प्रणालीचा गाभा म्हणजे डायल प्लॅन, अर्थात नियमांची वही. अमुक क्रमांकावर दूरध्वनी आला तर प्रथम ही सूचना ऐकवावी, मग या टेबलावर वीस सेकंद घंटा वाजवावी, कोणी न उचलल्यास त्या टेबलावर वाजवावी आणि तरीही न उचलल्यास निरोप नोंदवून घ्यावा, अशा प्रकारच्या ओळी तिच्यात असतात. दूरध्वनी वळविणे, दुसऱ्या टेबलावर देणे, एकाच वेळी अनेक टेबलांवर घंटा वाजविणे, रांग लावणे, तिघाचौघांचे एकत्र बोलणे, नोंद ठेवणे, या सर्व सोयी अशा ओळींतून निर्माण होतात. त्यासाठी निराळ्या पेट्या घ्याव्या लागत नाहीत. स्ट्रोजर यांच्या काळी जे काम ऑपरेटरचा हात करीत असे, तेच काम आता ही वही करते. म्हणून ती कोणी लिहावयाची, या प्रश्नाला प्रशासकीय महत्त्व आहे.

पंचायत समितीचे उदाहरण

एखाद्या पंचायत समितीचे कार्यालय उदाहरणादाखल घेतले, तर ही वही कशी तयार करावयाची हे स्पष्ट होईल.

पहिले काम क्रमांकांच्या योजनेचे. पहिला अंक शाखेचा धरावा. सामान्य प्रशासनाला २००, शिक्षणाला ३००, आरोग्याला ४००, पाणीपुरवठा व बांधकामाला ५००, कृषी व पशुसंवर्धनाला ६०० अशी मालिका दिल्यास क्रमांक लक्षात राहतो. क्रमांक व्यक्तीऐवजी पदाला द्यावा. बदली झाली तरी ग्रामसेवकाच्या वहीत लिहिलेला क्रमांक बदलू नये. शून्य किंवा एक या अंकांनी कोणतेही एक्स्टेंशन सुरू होऊ नये. त्याचे कारण पुढे येईल.

दुसरे काम स्वागताच्या सूचनेचे. ती मराठीत व थोडक्यात असावी. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नुसार राज्याच्या कारभाराची भाषा मराठी आहे आणि दूरध्वनी हा कारभाराचाच भाग होय. पर्याय चार-पाचांहून अधिक नसावेत. आधी काम सांगावे, मग बटण सांगावे. "शाळेविषयी विचारावयाचे असल्यास तीन दाबा" हे वाक्य ऐकणाऱ्याला सोपे जाते. "तीन दाबा शाळेसाठी" हे जात नाही, कारण आपले काम कोणते हे कळेपर्यंत तो अंक विसरलेला असतो. शाखांची कार्यालयीन नावे नागरिकाला ठाऊक असतीलच असे नाही. एकात्मिक बालविकास सेवा योजना म्हणण्याऐवजी अंगणवाडी म्हणावे. काहीही न दाबणाऱ्याला तीच सूचना पुनःपुन्हा ऐकवू नये. थोड्या वेळाने त्याला माणसाशी जोडून द्यावे. वृद्धांना आणि अक्षरओळख नसलेल्यांना हा मार्ग खुला राहणे आवश्यक आहे.

तिसरे काम घंटेच्या क्रमाचे. शाखेतील एकच टेबल वाजविण्याऐवजी तीन टेबले एकत्र वाजविता येतात किंवा एकामागून एक वाजविता येतात. एकत्र वाजविल्यास दूरध्वनी लवकर उचलला जातो, पण "दुसरा उचलील" या भरवशावर तिघेही स्वस्थ राहण्याचा धोका असतो. क्रमाने वाजविल्यास जबाबदारी स्पष्ट राहते, परंतु नागरिकाला थोडे थांबावे लागते. वर्दळीच्या शाखेत रांग लावून "आपला क्रमांक दुसरा आहे" असे सांगता येते. कोणती पद्धत कोठे योग्य, हे शाखाप्रमुखच सांगू शकतात.

चौथे काम वेळेचे. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासकीय कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. शनिवारी दूरध्वनी करणाऱ्याला नुसती घंटा ऐकविण्यापेक्षा कार्यालय केव्हा उघडेल हे सांगावे व निरोप नोंदविण्याची सोय द्यावी. सार्वजनिक सुट्ट्यांचे वेळापत्रक दर वर्षी प्रणालीत भरावयाचे असते. ते काम कोणाचे, याची नोंद कार्यविवरणात नसेल, तर दिवाळीच्या दिवशीही "कृपया थांबा" असे ऐकू येत राहील.

पाचवे काम निरोपांचे. निरोप नोंदविण्याची सोय ही उत्तराची जागा नव्हे. नोंदविलेला निरोप कोणी ऐकावयाचा, किती वेळात उलट दूरध्वनी करावयाचा, हे ठरले नसेल तर ती सोय न दिलेलीच बरी. नागरिकाने निरोप ठेवला म्हणजे तो उत्तराची वाट पाहत बसतो. पूर्वी तो निदान दुसऱ्यांदा दूरध्वनी तरी करीत असे.

सहावे आणि सर्वांत मोलाचे काम नोंदींचे. प्रत्येक दूरध्वनी केव्हा आला, कोणत्या शाखेकडे गेला, किती वेळ वाजला, उचलला गेला की नाही, याची नोंद प्रणाली आपोआप ठेवते. महिन्यातून एकदा मासिक सभेपुढे केवळ एक आकडा ठेवला तरी पुरे: शाखानिहाय अनुत्तरित दूरध्वनी. एखाद्या शाखेत सकाळी ११ ते १ या वेळात हा आकडा वाढत असेल, तर तेथील कर्मचारी त्या वेळी बैठकीत असतात की फिरतीवर, हे पाहून घंटेचा क्रम बदलता येतो. दोष शोधण्यापेक्षा वाट मोकळी करण्यासाठी या नोंदींचा उपयोग व्हावा. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ने सेवा मिळविण्याचा हक्क मान्य केला आहे. सेवेविषयी विचारणा करणाऱ्याला प्रतिसाद मिळणे ही त्या हक्काची पहिली पायरी मानता येईल.

संभाषणाचे ध्वनिमुद्रणही तांत्रिकदृष्ट्या सहज करता येते, परंतु जे सहज करता येते ते सर्व करावे असे नाही. ध्वनिमुद्रण होत असल्यास तसे आरंभीच सांगावे, त्याचा हेतू निश्चित असावा आणि ते किती दिवस ठेवावयाचे व कोणी ऐकावयाचे हे लेखी ठरलेले असावे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये संमत केला आहे, याचे भान राखणे जरूर आहे.

एका अंकाची किंमत

नियमांच्या वहीतील एक ओळ किती मोलाची असते, हे अमेरिकेतील एका दुर्दैवी घटनेने दाखवून दिले. १ डिसेंबर २०१३ रोजी टेक्सास राज्यातील मार्शल या गावी एका मोटेलच्या खोलीत केरी हंट या महिलेवर तिच्यापासून विभक्त झालेल्या पतीने प्राणघातक हल्ला केला. तिची नऊ वर्षांची मुलगी जवळच होती. संकटात ९११ हा क्रमांक फिरवावा, हे तिला शिकविलेले होते. तिने तो चार वेळा फिरविला. एकदाही जोडणी झाली नाही. त्या मोटेलच्या दूरध्वनी व्यवस्थेत बाहेरचा क्रमांक लावण्यापूर्वी आणखी एक ९ दाबावा लागत असे आणि हे त्या मुलीला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. केरी हंट यांचा मृत्यू झाला.

मुलीने काहीही चुकीचे केले नव्हते. उपकरण चालू होते, तारही शाबूत होती. चूक होती ती कोणीतरी लिहिलेल्या आणि कोणीही तपासून न पाहिलेल्या एका नियमात. केरी हंट यांच्या वडिलांनी त्यानंतर हा प्रश्न लावून धरला. त्यांच्या प्रयत्नांतून झालेल्या कायद्यावर १६ फेब्रुवारी २०१८ रोजी राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी झाली. केरीचा कायदा या नावाने तो ओळखला जातो. १६ फेब्रुवारी २०२० नंतर बसविल्या जाणाऱ्या तेथील बहुशाखी दूरध्वनी व्यवस्थांत कोणताही आगाऊ अंक न लावता ९११ फिरविता आला पाहिजे, असे बंधन त्याने घातले.

आपल्याकडील कार्यालये, शाळा, वसतिगृहे व रुग्णालये यांतील अनेक यंत्रणांत बाहेरची जोडणी मिळविण्यासाठी आधी शून्य दाबावे लागते. वसतिगृहातील विद्यार्थिनीला रात्री संकट ओढवले, तर ती ११२ फिरवील. आधी शून्य दाबावयाचे हे तिला त्या क्षणी आठवणार नाही. म्हणून ११२, १०८ व १०१ हे क्रमांक शून्यासह आणि शून्याशिवाय, दोन्ही प्रकारे थेट बाहेर गेले पाहिजेत. एक्स्टेंशन एक या अंकाने सुरू होऊ नयेत, असे वर म्हटले ते याचसाठी. शिवाय असा दूरध्वनी लागताच पहारेकऱ्याच्या किंवा अधीक्षकांच्या टेबलावर सूचना मिळावी, अशीही व्यवस्था करता येते. मदतीला आलेल्यांना कोणत्या खोलीकडे न्यावयाचे, हे त्यामुळे कळते.

वीज, कुलूप आणि कायदा

जुन्या दूरध्वनीला लागणारी वीज विनिमय केंद्रातून तारेवाटेच येत असे. त्यामुळे गावातील वीज गेली तरी दूरध्वनी चालू राही. इंटरनेट दूरध्वनीचे तसे नाही. वीज गेली की राउटर, स्विच, सर्व्हर आणि उपकरण ही साखळी एकदम थांबते. जाळ्याच्या तारेतूनच उपकरणाला वीज देणारे स्विच मिळतात. ते वापरल्यास प्रत्येक टेबलाची स्वतंत्र व्यवस्था न करता सर्व उपकरणांना एकाच यूपीएसचा आधार देता येतो. पूर व वादळ यांच्या काळात कार्यालयाच्या दूरध्वनीची गरज सर्वाधिक असते आणि नेमकी त्याच वेळी वीज जाते. म्हणून आपत्ती निवारणाच्या दृष्टीने किमान एक जुनी जोडणी किंवा मोबाइल जोडणी या व्यवस्थेबाहेर राखून ठेवणे शहाणपणाचे ठरेल.

सुरक्षिततेकडे दुर्लक्ष झाल्यास त्याचा भुर्दंड थेट देयकात दिसतो. इंटरनेटवर उघड्या असलेल्या दूरध्वनी सर्व्हरचा शोध घेणाऱ्या टोळ्या जगभर असतात. "१२३४" सारखा पासवर्ड सापडला की त्या एक्स्टेंशनवरून रात्रीतून परदेशी महागडे क्रमांक फिरविले जातात. प्रत्येक एक्स्टेंशनला लांब व वेगळा पासवर्ड द्यावा, गरज नसल्यास परदेशी क्रमांक बंद ठेवावेत, खर्चाची दैनिक मर्यादा घालावी आणि सर्व्हर बाहेरच्या जाळ्यास उघडा ठेवू नये. एवढ्या चार गोष्टींनी बहुतेक धोका टळतो.

कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. भारतात १ एप्रिल २००२ पासून इंटरनेट दूरध्वनीस मर्यादित स्वरूपात परवानगी मिळाली. २०१८ मध्ये केंद्रीय दूरसंचार विभागाने परवानाधारक सेवादात्यांना सार्वजनिक दूरध्वनी जाळ्याशी जोडलेली अशी सेवा देण्याचा मार्ग मोकळा केला. कार्यालयाच्या आतील एक्स्टेंशनांचे परस्पर बोलणे ही एक गोष्ट आणि बाहेरच्या क्रमांकांशी जोडणे ही दुसरी. बाहेरची जोडणी परवानाधारक सेवादात्याकडूनच घ्यावयाची असते. स्वस्तात परदेशी दूरध्वनी देऊ करणाऱ्या अनोळखी मध्यस्थांचा मोह टाळावा.

क्रमाक्रमाने

ग्रामपंचायतींना प्रकाशीय तंतूने जोडण्याच्या योजनेला केंद्र शासनाने २०११ मध्ये मान्यता दिली. भारतनेट या नावाने ती पुढे ओळखली जाऊ लागली. जेथे ही जोडणी पोहोचली असून खात्रीने चालते, तेथे तालुक्याचे एक्स्टेंशन ग्रामपंचायतीच्या टेबलावर देता येणे शक्य आहे. तरीही सर्व काही एका दिवसात बदलण्याची घाई करू नये. प्रथम आठवडाभर जुन्या पद्धतीनेच कागदावर नोंद ठेवावी: कोण विचारतो, काय विचारतो, उत्तर कोणाकडे असते. त्यावरून नियमांची वही कागदावर मराठीत लिहावी व शाखाप्रमुखांनी ती तपासावी. त्यानंतर एका शाखेत प्रयोग करावा आणि महिनाभर जुनी व नवी व्यवस्था बरोबरीने चालवावी. जुना क्रमांक लोकांच्या ओठांवर असतो, तो सोडू नये. जुन्या जोडण्या गेटवे नावाच्या उपकरणाद्वारे नव्या सर्व्हरला जोडता येतात. आणीबाणीचे क्रमांक प्रत्यक्ष लागतात काय, याची चाचणी संबंधित यंत्रणेला आगाऊ कळवून घ्यावी. वहीची एक प्रत कार्यालयात राहावी. पुरवठादार बदलला तरी कार्यालयाचे नियम कार्यालयापाशी राहिले पाहिजेत.

इतकी सर्व तयारी झाल्यावर अखेरची परीक्षा अगदी सोपी आहे. कार्यालयप्रमुखांनी एखाद्या दुपारी बाहेरून, अनोळखी क्रमांकावरून, आपल्याच कार्यालयाला दूरध्वनी करावा आणि एखाद्या गावकऱ्याप्रमाणे एखादी साधी चौकशी करावी. किती वेळ थांबावे लागले, किती बटणे दाबावी लागली आणि शेवटी माणसाचा आवाज ऐकू आला की नाही, हे त्यांना कळेल. जे त्यांना ऐकू येईल, तेच त्या गावकऱ्यालाही रोज ऐकू येत असते.